लोखंड तेच, घाट नवा

(द्वितीय वर्ष, कला)

कलाशाखेच्या मुलीने बंदुकीवर लेख लिहावा हे आमच्या वर्गातील पुष्कळांना रुचलेले नाही. "अगं, कविता दे, नाहीतर एखादे ललित दे. बंदूक कसली देतेस?" असे एका मैत्रिणीने विचारले. संपादक मंडळानेही विषय ऐकून एकमेकांकडे पाहिले आणि "आधी लिहून तर आणा, मग बघू" असे म्हटले. तेव्हा वाचकहो, हा लेख तुमच्यापुढे आला असेल तर त्यांनी तो बघितला असे समजावे.

विषय असा आहे. सैन्यातून निवृत्त झालेली जुनी रायफल घ्यायची, तिचा लष्करी लाकडी साज उतरवायचा, नको ते लोखंड काढून टाकायचे, नवा दस्ता आणि बहुधा नवी नळीही बसवायची आणि तिच्यातून नेमबाजीची किंवा शिकारीची रायफल घडवायची. युरोप-अमेरिकेत हा उद्योग शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे. काही जण त्याला कला म्हणतात, काही जण इतिहासाची हत्या म्हणतात, आणि हा वाद अजून मिटलेला नाही. मी रायफलीची मालक नाही, होण्याची शक्यताही नाही. पण मी लोहाराची मुलगी आहे आणि जुन्या लोखंडाला नवा घाट देणे हा आमच्या घरचा पोटाचा धंदा आहे. त्या अधिकाराने मी या वादात चार शब्द बोलणार आहे.

गेल्या वर्षी एन.सी.सी.च्या शिबिरात आम्हांला कवायतीसाठी जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली मिळाल्या. नेमबाजीसाठी पॉइंट टू-टूची छोटी रायफल वेगळी होती. ही थ्री-नॉट-थ्री केवळ खांद्यावर घेण्यापुरती. वजन सुमारे चार किलो, दस्त्याला जागोजाग टवके आणि पोलादावर 'आर.एफ.आय.' ही अक्षरे. आर.एफ.आय. म्हणजे बंगालमधील इशापूरची रायफल फॅक्टरी. तिची सुरुवात १९०४ सालची. उस्तादांनी रायफल खोलून दाखवली, बोल्ट बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो उलटापालटा करून पाहत राहिले. त्यावर कानशीचा एकही ओरखडा दिसत नव्हता आणि कडा अजून धारदार होत्या. लाकूड म्हातारे झाले होते, पण हे लोखंड म्हातारे झाले नव्हते. "कॅडेट, रायफल देखने को नहीं, जोडने को दी है," असे उस्ताद ओरडले तेव्हा भानावर आले. पण मनात प्रश्न राहिला तो राहिलाच: असे चांगले लोखंड सैन्याने टाकून दिल्यावर त्याचे होते काय?

उत्तर शोधायला ग्रंथालयात बसावे लागले. शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी वाचताना नाकी नऊ आले, मोबाईलवर परदेशी कारागिरांच्या चित्रफितीही पाहिल्या. त्यातून जे समजले ते थोडक्यात सांगते.

रायफलीत नळी असते, लाकडाचा दस्ता असतो आणि या दोहोंच्या मधोमध एक पोलादी भाग असतो. त्यात बोल्ट पुढेमागे सरकतो, काडतूस आत जाते, कुलूप लागते आणि चापाचा जोड बसतो. इंग्रजीत याला 'ॲक्शन' म्हणतात. मला मराठी शब्द सापडला नाही, म्हणून मी त्याला गाभा म्हणते. काडतूस फुटते तेव्हा सगळा दाब हा गाभा अडवून धरतो. नळी झिजते, लाकूड चिरते, पण गाभा चांगला असेल तर त्याला नवी नळी आणि नवा दस्ता देऊन पुढच्या पिढीपर्यंत वापरता येते. जुन्या लष्करी रायफलीतून विकत घेण्याजोगे असते ते हेच.

सर्वांत नावाजलेला गाभा जर्मनीचा. ओबर्नडॉर्फ गावातील एका बंदूककाराचा तेरावा मुलगा पाउल माउझर याने तो सुधारत सुधारत आणला आणि १८९८ साली जर्मन सैन्याने त्याची रायफल स्वीकारली. बोल्टच्या तोंडाशी दोन जाड कान, ते चौकटीतील खाचांत फिरून अडकतात. ते दोन्ही तुटलेच तर मागे तिसरा कान राखीव. काडतूस वर येताच त्याची कड पकडून ठेवणारा एक लांब पंजा. रचना इतकी साधी आणि इतकी भक्कम की शिकारी रायफली बनवणारे आजही तिची नक्कल करतात. अमेरिकेने १९०३ साली आपली स्प्रिंगफील्ड रायफल काढली, तीही माउझरशी इतकी जुळत होती की अमेरिकी सरकारला माउझर कंपनीला दोन लाख डॉलर द्यावे लागले. आपल्या ओळखीची थ्री-नॉट-थ्री म्हणजे ली-एनफील्ड, तिचे कूळ वेगळे. तिचा गाभा योजणारा जेम्स पॅरिस ली स्कॉटलंडमध्ये जन्मला, कॅनडात वाढला आणि घड्याळजीचे काम शिकला. बंदूककार, घड्याळजी, सुतार अशी ही सगळी मंडळी. जगातील मोठमोठी युद्धे ज्या हत्यारांनी लढली गेली ती हातावर पोट असलेल्या लोकांच्या डोक्यातून निघाली, हे वाचताना मला बरेही वाटले आणि वाईटही.

आता घडणीचे काम. लष्करी रायफलीचे लाकूड जवळजवळ नळीच्या टोकापर्यंत गेलेले असते, कारण शिपायाचा हात तापलेल्या नळीवर पडू नये आणि संगीन लावून लढताना लाकडाने मार सोसावा. नेमबाजाला वा शिकाऱ्याला या वजनाची गरज नाही. म्हणून तो दस्ता काढून अर्ध्या नळीपर्यंतचा नवा दस्ता करतात, तो बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा. संगिनीचा खुंट आणि लष्करी दूरमाप जाते. जुन्या माउझरच्या बोल्टची मूठ आडवी बाहेर आलेली असते. वर दुर्बीण बसवायची तर ती मूठ खाली वळवावी लागते. चापाचा ओढा हलका आणि एकसारखा करतात.

हे सगळे वाचायला सोपे वाटते. खरी कसोटी दोन ठिकाणी लागते. पहिली, गाभा लाकडात बसवण्याची. दोहोंमध्ये फट राहिली तर प्रत्येक गोळीला रायफल आपली जागा बदलते आणि नेम फिरतो. म्हणून कारागीर लोखंडाला काळा रंग लावून ते लाकडात दाबतो, बाहेर काढतो, जेथे डाग उमटला तेवढेच खरवडतो आणि पुन्हा दाबतो. दिवसच्या दिवस हेच चालते. हे वाचले तेव्हा मला आमच्या गावातील जुन्या सुतारांची आठवण झाली. बैलगाडीचे चाक ते करायचे, त्यावर लोखंडी धाव आमचे आबा चढवायचे. तापलेली धाव चाकावर बसवून पाणी ओतले की ती आवळते आणि लाकूड कुरकुरते. सुताराचे चाक गुंजभर लहान असले तर धाव सैल पडते, मोठे असले तर आरे मोडतात. लाकूड आणि लोखंड एकमेकांना मानवले पाहिजेत.

दुसरी कसोटी मापाची. काडतुसाचे बूड आणि बोल्टचे तोंड यांच्यामधील जागा इंचाच्या हजाराव्या भागात तपासतात. त्यासाठी पोलादाची दोन मापे असतात. एकावर बोल्ट मिटलाच पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. येथे 'साधारण बरोबर आहे' याला अर्थ नाही. जागा जास्त झाली तर काडतूस फाटून तप्त वायू माणसाच्या तोंडावर येऊ शकतो.

ही कला अमेरिकेत कशी वाढली त्याची हकिगत मोठी गमतीची आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा त्यांच्याजवळ शिकारीसाठी घडवलेली एक स्प्रिंगफील्ड रायफल होती. त्या प्रवासावरील त्यांचे पुस्तक न्यूयॉर्कमधील सेमूर ग्रिफिन नावाच्या एका सुताराने वाचले. हा लाकडी कपाटे-मेजे करणारा माणूस. त्याने एक स्प्रिंगफील्ड विकत घेतली आणि तिला स्वतःच्या हाताने अक्रोडाचा दस्ता केला. लोकांना तो आवडला, मागण्या येऊ लागल्या आणि १९२३ साली जेम्स हौ या धातुकाम जाणणाऱ्या माणसाबरोबर त्याने दुकान काढले. एक लाकडाचा, एक लोखंडाचा. ग्रिफिन आणि हौ ही जोडी या व्यवसायात आजही मानाने सांगितली जाते. मात्र हेही सांगायला हवे की रूझवेल्ट आणि त्यांचा मुलगा या दोघांनी त्या एका सफरीत ५१२ प्राणी मारले. दस्त्याची कारागिरी वाखाणताना हा आकडा मी दृष्टीआड करू शकत नाही.

मला अधिक भावली ती नॉर्वेची गोष्ट. १९४० ते १९४५ हा देश जर्मनीच्या ताब्यात होता. जर्मन शरण गेले तेव्हा त्यांच्या माउझर रायफली तेथेच राहिल्या. नॉर्वेच्या लोकांनी त्या समुद्रात बुडवल्या नाहीत. पुष्कळ रायफलींना नव्या नळ्या बसवून स्वतःच्या सैन्याला दिल्या आणि कोंग्सबर्गच्या कारखान्यात त्याच गाभ्यांवर नेमबाजीच्या रायफली तयार केल्या. ज्या लोखंडाने देश दाबून ठेवला, त्याच लोखंडाने त्या देशाची माणसे कागदाच्या चांदण्यांवर नेम धरू लागली. सूड घ्यायचाच असेल तर याहून चांगला सूड मला सुचत नाही.

आता विरोधकांचे म्हणणे ऐकू. त्यांचे दोन पक्ष आहेत.

पहिला पक्ष संग्राहकांचा. ते म्हणतात, प्रत्येक लष्करी रायफलीवर कारखान्याचा शिक्का असतो, साल असते, क्रमांक असतो. ती कोणत्या सैन्यात होती, केव्हा दुरुस्त झाली, हे त्या खुणांवरून वाचता येते. नवा घाट देणारा माणूस पुष्कळदा त्या खुणा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून घासून टाकतो. दोन्ही महायुद्धांनंतर या रायफली कवडीमोलाने मिळत होत्या, तेव्हा कोणाला त्यांची पर्वा नव्हती. हौशी लोकांनी घरच्या करवतीने दस्ते कापले, वाटेल तेथे भोके पाडली. आज न बिघडवलेली मूळ रायफल बहुधा अशा कापलेल्या रायफलीपेक्षा महाग विकली जाते आणि कापणाऱ्यांची नातवंडे हळहळतात. मूळ वस्तू एकदाच मूळ असते, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

दुसरा पक्ष अधिक गंभीर आहे. तो म्हणतो, दस्ता सुंदर केला म्हणून बंदुकीचा स्वभाव बदलतो काय? २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून झाला तो इटालियन सैन्याच्या जुन्या कार्कानो रायफलीने. तिच्यावर स्वस्तातील दुर्बीण बसवलेली होती आणि ती खोट्या नावाने टपालाने मागवलेली होती. किंमत दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंट. पुढे १९६८ साली कायदा होऊन टपालाने बंदुका विकणे बंद झाले आणि परदेशी लष्करी मालाच्या आयातीलाही आळा बसला. ज्या स्वस्ताईने कारागिरांना गाभे पुरवले, तिनेच एका खुन्याला हत्यार पुरवले. या आक्षेपाला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणते की याचे उत्तर कारागिराने द्यायचे नसून कायद्याने द्यायचे आहे, आणि कायदा कडक असावा.

आपल्याकडे तो कडक आहेच. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून बंदूक बनवणे, बाळगणे किंवा तिचे रूपांतर करणे गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौकही संपवला. तो संपला हे चांगलेच झाले. तरीही लष्करी गाभ्याची खेळातली रायफल भारतात झाली, आणि ती सरकारी कारखान्यातच झाली. सामान्य परवानाधारकाला थ्री-नॉट-थ्रीसारखे लष्करी मापाचे काडतूस मिळू नये हा इंग्रजांच्या काळापासूनचा दंडक. म्हणून त्याच ली-एनफील्डच्या धर्तीच्या गाभ्यावर वेगळ्या काडतुसाची पॉइंट ३१५ रायफल आपल्या आयुध कारखान्यांनी काढली. शेताच्या वा बँकेच्या राखणीला बसलेल्या परवानाधारकाच्या हातात कधीकधी दिसते ती हीच. थ्री-नॉट-थ्री स्वतः तर पोलिसांच्या खांद्यावर फार काळ राहिली. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेकी आले, तेव्हा काही पोलिसांच्या हाती याच जातीची रायफल होती.

आणि नेमबाजी हा खेळ आपल्याला परका राहिलेला नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीचे कांस्यपदक आणले. त्यांच्या रायफली आधुनिक, खास खेळासाठी बनवलेल्या. पण बोल्ट मागे ओढून काडतूस आत सारण्याची क्रिया माउझर-लीच्या काळापासून ओळखीची आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येते.

स्प्रिंगफील्ड रायफलीबद्दल वाचताना एक माहिती मिळाली. या रायफलीचे सुरुवातीचे काही गाभे गोळी झाडताना फुटले. १९१७-१८ च्या सुमारास चौकशी झाली, तेव्हा दिसून आले की पोलाद तापवणारे जुने वाकबगार कामगार ताव डोळ्यांनी ओळखत होते. लोखंड अमुक रंगाचे झाले की पुरे, असा त्यांचा हिशेब. परंतु कारखान्यात लख्ख ऊन आले की तोच रंग फिका दिसे, मग ते आणखी तापवत. ढगाळ दिवशी आणि उन्हाच्या दिवशी एकाच 'योग्य' तावात ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत फरक पडत असे. उन्हात तापवलेले पोलाद करपत होते. मग उष्णतामापक यंत्रे आली, पाणी देण्याची रीत बदलली. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या आठ लाखांच्या आतील क्रमांकाची रायफल झाडू नये, असा सल्ला तिकडे आजही देतात. जाणता कारागीर असा गाभा नव्या रायफलीसाठी घेत नाही.

हे वाचून मी थक्क झाले, कारण त्याच वर्षी मी आबांशी भांडले होते.

आमची साळ म्हणजे तीन बाजूंनी पत्रा, वर कौले आणि आत अंधार. आबा मालट्रकच्या कमानीचे जुने पाटे भंगारातून आणतात आणि त्यांचे ऊस तोडायचे कोयते, कुऱ्हाडी, खुरपी करतात. लहानपणी भाता मी ओढला, घण आईने मारला. कॉलेजात आल्यावर मला त्या अंधाराची लाज वाटू लागली. आरोग्य, उजेड, हवा यांबद्दल आम्ही शिकत होतो. मी आबांना म्हटले, "एक पत्रा काढून खिडकी करू या. डोळे जातील तुमचे अशाने." आबा म्हणाले, "भट्टीवर खिडकी नको." मी कारण विचारले. ते म्हणाले, "उजेडात लोखंड लबाड बोलतं, पोरी. अंधारातच त्येचा खरा रंग दिसतो." मी मनात म्हटले, हे अडाणीपण. दोन दिवस बोलले नाही.

जो धडा अमेरिकेच्या सरकारी कारखान्याला लाखो रायफली तयार झाल्यावर मिळाला, तो आमच्या साळीच्या पत्र्याला ठाऊक होता. आबांना तो त्यांच्या वडिलांनी सांगितला, त्यांना त्यांच्या वडिलांनी. कोणी लिहून ठेवला नाही, म्हणून तो माझ्या अभ्यासक्रमात नाही.

तरी मी केवळ आबांची बाजू घेणार नाही. तीन वर्षांपूर्वी एका तोडकरी बाईच्या हातात आबांचा कोयता मधोमध तुटला. नशीब की इजा झाली नाही. आबांनी दुसरा कोयता फुकट करून दिला आणि रात्री जेवले नाहीत. नंतर त्यांनीच सांगितले की तो पाटा निराळ्या पोलादाचा होता, नेहमीचा ताव त्याला जास्त झाला. भंगारातल्या पाट्यावर तो कशाचा आहे हे लिहिलेले नसते. डोळा कितीही तयार असला तरी तेथे माप लागते. अंधारी साळ हवी आणि उष्णतामापकही हवा. डोळ्याने मापाला हसू नये आणि मापाने डोळ्याला अडाणी म्हणू नये. चांगली रायफल घडवणारा माणूस दोन्ही बाळगतो. लाकडात गाभा तो काळ्या डागांनी बसवतो आणि बोल्टची जागा हजाराव्या भागात मोजतो.

म्हणून माझे मत असे. जुन्या लष्करी गाभ्यावर नवी रायफल घडवणे हे हलके काम नाही, पापही नाही. मात्र तीन बंधने पाळावीत. दुर्मीळ आणि अखंड वस्तू तिच्या मूळ रूपातच राखावी. जिचे लाकूड आधीच गेले, नळी सडली, अशीलाच हात लावावा. गाभा जोखल्याशिवाय वापरू नये, मग तो कितीही नावाजलेला असो. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे: घाट हवा तो द्या, पण शिक्का आणि क्रमांक घासू नका. ही वस्तू कोठून आली हे तिच्या अंगावर राहू द्या. नव्या अक्रोडाखाली १९१७ साल दिसले तर रायफल कुरूप होत नाही.

हे तिसरे बंधन मी दुसऱ्यांना सांगते आहे, पण ते मी स्वतः मोडले आहे. पहिल्या वर्षाच्या प्रवेशअर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. माझ्या पुढे-मागे ज्या मुली उभ्या होत्या त्यांनी नोकरी, शेती, दुकान असे लिहिले. माझा हात थबकला आणि मी लिहिले, 'मजुरी'. मजुरीही मानाचीच आहे, पण ती माझी खरी ओळख नव्हती. तीन पिढ्यांची विद्या मी एका शब्दात कानशीने घासून टाकली. कोणी मला तसे करायला सांगितले नव्हते. त्यानंतर बोलण्यातले गावचे शब्दही एकेक करून घासत गेले. मैत्रिणींना घरी बोलावताना साळ आडबाजूला राहील अशी वाट सांगितली.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखी पुष्कळ मुले-मुली आहेत. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली. कोणाचे वडील चांभारकाम करतात, कोणाची आई भाजी विकते, कोणाकडे मेंढरे आहेत. शिक्षण आपल्याला नवा दस्ता देते आहे. तो जरूर घ्यावा, चांगला घासूनपुसून घ्यावा. पण दाब अडवून धरतो तो गाभा, आणि तो घरून आलेला असतो. त्यावरची अक्षरे पुसून आपण गुळगुळीत होतो, मजबूत होत नाही. द्वितीय वर्षाच्या अर्जात मी त्या रकान्यात 'लोहारकाम' असे स्वच्छ अक्षरांत लिहिले. खिडकीचा विषय मी सोडला आहे. त्याऐवजी भट्टीसाठी उष्णतामापक केवढ्याला मिळतो याची चौकशी चालू आहे. आबा अजून त्याला हसतात.

लेख पुरा झाल्यावर रात्री तो आबांना वाचून दाखवला. त्यांना केनेडी कळले नाहीत, माउझर कळला. स्प्रिंगफील्डची हकिगत त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग विचारले, "शेवटाला त्यांचं पाणी नीट बसलं का?"

मी म्हटले, "बसलं, आबा."

"मग झालं," ते म्हणाले आणि सकाळच्या कोयत्यांसाठी पाटे मोजू लागले.